लाइटचे पॉइंट आधी ठरवा, बल्ब शेवटी आणा : गावाकडच्या घरासाठी टप्प्याटप्प्यानं

घर बांधून होतं, वास्तू होते, पाहुणे परततात. मग पहिल्याच रात्री लक्षात येतं, की ओट्यावर भाजी चिरणाऱ्या बाईची सावली तिच्याच हातावर पडते आहे. घरचे बाजारातून मोठा बल्ब आणतात. सावली जागची हलत नाही, उलट अजून काळी होते. वर्धा-यवतमाळकडच्या गावांत मी वायरिंगची कामं करतो आणि मला सगळ्यात जास्त बोलावणी येतात ती याच तक्रारीसाठी. बल्बात खोट नसते, पॉइंट चुकीच्या जागी असतो. प्लॅस्टर झाल्यावर तो हलवायचा तर भिंत फोडावी लागते.

काम या क्रमानं करा : कोण कुठं बसून काय करतं ते आधी पाहा. मग भिंती आणि छत, मग प्रकाशाचा हिशेब, मग पॉइंटची जागा, मग बटणं, मग लाइन. बल्ब सगळ्यात शेवटी. बहुतेक घरी हे उलट्या टोकानं होतं, आधी दुकानातून ट्यूब येते आणि मग तिच्यासाठी भिंत शोधतात.

टप्पा १ : वही घेऊन रात्रीची फेरी

राहतं घर असेल तर संध्याकाळी सातपासून निजानीज होईपर्यंत घरात फिरा आणि वहीत तीन रकाने करा : जागा, काम, आणि काम करताना तोंड कुठल्या बाजूला. तिसरा रकाना जवळजवळ सगळे विसरतात, पण पॉइंट कुठं घ्यायचा हे त्याच रकान्यावरून ठरतं. पोरगी चटईवर पालथी पडून लिहिते का? आजी खाटेवर बसून तांदूळ निवडते का? बैलाला वैरण टाकायला रात्री कोण जातं, कुठल्या दारानं? संडास सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, असेल तर तिथवरची वाट कशी आहे?

घर नवं असेल तर जोत्यावर खडूनं खाट, ओटा, आलमारी, टीव्ही आखा आणि त्यात उभं राहून पाहा. हे काम घरातल्या बायकांना सोबत घेऊन करा. पुरुषमंडळी बैठकीतला पॉइंट ठरवून मोकळी होतात. स्वयंपाकघर, न्हाणी, मागचं दार हे सगळं ज्यांच्या पायाखालचं आहे त्यांना कोणी विचारत नाही.

वर्षाचाही विचार करा. उन्हाळ्यात अर्धं घर अंगणात झोपतं, पावसाळ्यात सपरीत, म्हणजे पडवीत, किडे येतात आणि दिवाळीनंतर एखादी खोली कापसानं भरते. लाइट या तिन्ही दिवसांत पुरला पाहिजे.

टप्पा २ : भिंत, छत आणि दिवसाचा उजेड

पांढरं छत त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग परत खाली पाठवतं. गडद निळी किंवा हिरवी भिंत पाव भागही परत देत नाही. म्हणून चुन्याचा एक हात हा सगळ्यात स्वस्त लाइट आहे. चुलीच्या धुरानं काळं पडलेलं स्वयंपाकघर तसंच ठेवून त्यात कितीही ट्यूब लावा, उजेड भिंती पिऊन टाकतात. आधी भिंत खरवडा, चुना मारा, मग हिशेबाला बसा.

कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घराला पांढरं छत नसतंच. वर गेलेला प्रकाश वासे-फाट्यांत हरवतो. अशा घरात खाली प्रकाश फेकणारी टोपी असलेला होल्डर किंवा मागं पांढरी पट्टी असलेली ट्यूब घ्या, चारी बाजूंना पसरणारा उघडा बल्ब नको. दिवसासाठी एक-दोन काचेची कवेलू बसवा. टिनाचं छत असेल तर प्रकाश आत घेणारा एक पत्रा पुरे. जास्त लावले तर मे महिन्यात त्याखाली उभं राहवत नाही.

टप्पा ३ : किती प्रकाश लागतो याचा हिशेब

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो. प्रकाश मोजतात ल्युमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. चांगला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो, २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन.

मी असा हिशेब धरतो : बैठकीला दर चौरस फुटाला २५ ल्युमेन, स्वयंपाकघराला ३०, झोपायच्या खोलीला आणि न्हाणीला १५. भिंती गडद असतील तर त्यात पाव ते अर्ध्यापर्यंत वाढवा. घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच वाढवा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आजी "दिसत नाही" म्हणते तेव्हा तिला खरंच दिसत नसतं.

उदाहरण घ्या. घरकुल योजनेतलं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं असतं, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यातली बैठक १० बाय १२ धरा : १२० गुणिले २५, म्हणजे ३००० ल्युमेन. एक २० वॅटची ट्यूब आणि समोरच्या भिंतीवर एक ९ वॅटचा बल्ब, झालं. स्वयंपाकघर ८ बाय ९ : ७२ गुणिले ३०, म्हणजे सुमारे २१६०. पण हे सगळं एकाच ट्यूबमध्ये घेऊ नका. ओट्याला १० वॅटची छोटी ट्यूब, खोलीला १२ वॅटचा बल्ब, असं वाटून घ्या.

सपरी आणि न्हाणी धरून सगळे मिळून ६५-७० वॅट होतात. रोज पाच तास जळले तरी महिन्याला दहाच युनिट. कूलर आठवड्याभरात याहून जास्त खातो. तेव्हा वीज वाचवायची म्हणून पोरांच्या अभ्यासाचा बल्ब कमी करू नका, त्यातून काहीच वाचत नाही.

टप्पा ४ : बांबूला बल्ब बांधून जागा ठरवा

कागदावरचा पॉइंट भिंतीत खोदायच्या आधी हे एकदा कराच. न जोडलेली अखंड दहा मीटर वायर घ्या, एका टोकाला झाकणाचा होल्डर, दुसऱ्याला नीट बसवलेली पिन. होल्डर कोरड्या बांबूला बांधा. रात्री एकानं बांबू धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं जागेवर बसून खरंच भाजी चिरायची, खरंच लिहायचं. हातावर सावली पडणार नाही आणि बल्ब डोळ्यात घुसणार नाही अशी जागा सापडली की भिंतीवर खडूची फुली. अर्ध्या तासाचं काम आहे. यानं जितके पॉइंट वाचले तितके कुठल्याही नकाशानं वाचले नाहीत, हा माझा अनुभव आहे.

सावधान : वायरची उघडी टोकं बोर्डात खुपसून वर काडी ठोकायची सवय जीव घेते. पिन नसेल तर बांबूची चाचणी उद्या करा. पायात चप्पल, हात कोरडे.

*स्वयंपाकघर.* बाईचं तोंड भिंतीकडे आणि ट्यूब पाठीमागं, ही नेहमीची चूक. ओट्याचा लाइट तिच्या डोक्याच्या पुढं हवा, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवर किंवा वरच्या फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेशी. फळीच्या आतल्या कोपऱ्यात लावली तर उजेड फक्त भिंतीवर पडतो. शेगडीच्या थेट वर नको, वाफेनं आणि फोडणीच्या तेलानं महिन्यात पिवळी पडते. चूल खाली असेल तर तिच्यासाठी वेगळा पॉइंट चुलीच्या बाजूच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा हात-दीड हात वर. चूल आणि ओटा दोन्ही असलेल्या घरात एकाच लाइटवर भागवू नका. दोन्हीकडे काम करताना तोंड वेगवेगळ्या बाजूला असतं.

सावधान : सिलिंडर ठेवायच्या जागेजवळ खाली बोर्ड घेऊ नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि बटणाची ठिणगी त्याला पुरते. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू नको आणि बंदही नको. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा.

*अभ्यास.* ट्यूब आठ फुटांवर आणि पोरगं जमिनीवर, म्हणजे पुस्तकापर्यंत फारसं काही पोहोचत नाही. बल्बाचं अंतर निम्मं केलं की त्याच्या खाली पडणारा उजेड चौपट होतो. म्हणून मोठा बल्ब घेण्याऐवजी छोटा बल्ब जवळ आणा. ५ ते ७ वॅटचा टेबल लॅम्प बसायच्या जागेशेजारी, उजव्या हातानं लिहिणाऱ्याला डावीकडून. खोलीतला मोठा लाइटही चालू राहू द्या. काळोखात एकट्या लॅम्पखाली वाचलं की डोळे लवकर थकतात.

*बैठक.* पंख्याच्या पात्यांच्या वर लाइट असला की खोलीभर सावल्या फिरतात, डोकं दुखतं. लाइट पात्यांच्या खालच्या पातळीला, भिंतीवर घ्या. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर ट्यूब लावली तर ती पडद्यात दिसते, बाजूची भिंत बरी.

*झोपायची खोली.* पिवळसर प्रकाश, आणि खाटेवरून हात पोहोचेल असं बटण. जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्यांच्या खोलीत पायाशी, भिंतीवर फूटभर उंचीला अर्ध्या वॅटचा रात्रदिवा लावा. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पाय खाली टाकायच्या आधी फरशी दिसली पाहिजे. मच्छरदाणी तरी हवीच.

*न्हाणी-संडास.* बटण बाहेर, बल्ब बंद झाकणाचा, दाराच्या वर. आत उघडा होल्डर नको.

*अंगण आणि सांदवाडी.* इथं लोक भपकेदार पांढरा फ्लडलाइट लावतात, तोही थेट दारावर. पांढऱ्या-निळसर प्रकाशावर किडे जास्त येतात, किड्यांमागं बेडूक आणि पाली, त्यांच्यामागं साप. पिवळ्या लाइटवर किडे कमी येतात. तो दारावर न लावता दहा-बारा फूट दूर खांबावर लावा आणि वाटेवर खाली वळवा. संडासच्या वाटेला एक मोठा लाइट उंच लावण्याऐवजी दोन छोटे कमी उंचीवर लावले तर जमीन दिसते. नाहीतर माणसाची सावलीच वाट झाकते.

ज्यांच्या पंपाची लाइन अजून रात्रीची असते, त्यांनी मागच्या दाराशी टॉर्च चार्ज करायचा एक पॉइंट आणि वर खिळा ठेवा. वावरात निघताना टॉर्च शोधत बसावं लागत नाही.

*कापसाची खोली.* यावर मी हात जोडून सांगतो. भाव येईपर्यंत घरात भरलेल्या कापसाच्या ढिगावर लोंबता होल्डर म्हणजे पेटायची वाट पाहणारी काडी. बल्ब तापायची गरज नाही, सैल जोडातली एक ठिणगी पुरे. या खोलीत लाइट बंद काचेचा, दाराच्या वर, ढीग पोहोचणार नाही अशा उंचीवर. बटण बाहेर. आत प्लग नाही, वायरचा जोड नाही, एक्स्टेंशन नाही. शक्य असेल तर खोलीत लाइट घेऊच नका, खिडकीच्या काचेबाहेर लावा.

*कोठा, म्हणजे गुरांचा गोठा.* इथंही बंद झाकणाचाच लाइट. गुरांच्या तोंडा-शिंगांना लागणार नाही इतका वर, आणि वायर पाइपातूनच.

टप्पा ५ : बटणं

जमिनीपासून चार ते साडेचार फूट, दाराच्या कडीच्या बाजूला. दार उघडल्यावर पल्ल्यामागं लपणारा बोर्ड मी दर तिसऱ्या घरात पाहतो. सुताराला विचारून पल्ला कुठं उघडणार ते आधी ठरवा. जिन्याला खाली-वर दोन्हीकडून चालणारं टू-वे बटण घ्या. तसंच एक बैठकीच्या दोन दारांना. अंगणाच्या लाइटचं बटण घरातच, म्हणजे बाहेर पाय टाकायच्या आधी अंगण दिसतं.

तपासणी : प्रत्येक दारातून काळोखात आत येत असल्यासारखं चालून पाहा. अंधारात दोन पावलांहून जास्त जावं लागत असेल तर बटण चुकलं.

टप्पा ६ : लाइन

स्लॅब पडायच्या आधी त्यात पाइप आणि पंख्याचे बॉक्स गेले पाहिजेत. पाइपासाठी भिंतीत खोदायच्या खाचा, म्हणजे झिऱ्या, प्लॅस्टरच्या आधी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण पुढच्या गोष्टी स्वतः उभं राहून पाहा.

लाइटसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मोठ्या सॉकेटसाठी अडीचची. घरातले लाइट निदान दोन सर्किटवर वाटा, प्रत्येकाला वेगळी एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारं बटण. एक पडली तरी अर्धं घर उजेडात राहतं. कूलरला लाइटच्या सर्किटवर घेऊ नका. तो चालू होताना लाइट मिचकावतात, आणि कूलरच्या लोखंडी पेटीत करंट उतरला तर अर्थिंगशिवाय माणूस चिकटतो. त्याला वेगळी वायर, तीन पिनांचं सॉकेट, खरं अर्थिंग. घरावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारं बटण, बसवा. तिचे पैसे वाचवून ते टाइल्सवर घालणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका.

बटण फेजमध्ये, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरमध्ये, असलं पाहिजे, न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या वायरमध्ये, नाही. न्यूट्रल तोडलं तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो, आणि बल्ब बदलायला चढलेला माणूस पडतो. बटण बंद केल्यावर एलईडी मंद मिणमिणत राहिला तर आधी हाच संशय घ्या आणि वायरमनला टेस्टर लावून दाखवायला सांगा.

सावधान : टिनाच्या पत्र्यावरून किंवा पत्र्याच्या कडेवरून उघडी वायर नेऊ नका. घासून कवच गेलं की सगळं छत करंटमध्ये येतं. त्याच छताला कपड्यांची लोखंडी तार बांधलेली असेल तर ओले कपडे वाळत घालणारी बाई त्यात सापडते. कपड्यांना नायलॉनची दोरीच वापरा.

तपासणी : प्लॅस्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलवर फोटो काढा. पुढं खिळा ठोकताना वायर कुठं आहे हे त्या फोटोशिवाय कुठंच लिहिलेलं नसतं.

टप्पा ७ : लाइन गेल्यावर

इन्व्हर्टरची लाइन वायरिंगच्या वेळीच वेगळी ओढा, नंतर जमत नाही. तिच्यावर फक्त ओट्याचा लाइट, अभ्यासाचा, वाटेचा, न्हाणीचा आणि एक पंखा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात अकराशे-बाराशे धरा. पाच बल्बांचे ४५ वॅट आणि पंख्याचे ७०, मिळून ११५ वॅट, म्हणजे साधारण दहा तास. त्यात टीव्ही आला की हिशेब मोडतो.

इन्व्हर्टर परवडत नसेल तर आत बॅटरी असलेले दोन बल्ब घ्या, एक ओट्यावर, एक मागच्या दाराशी. बटण चालू ठेवलं तरच ते लाइन गेल्यावर जळतात. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

टप्पा ८ : आता दुकान

खोक्यावर चार गोष्टी वाचा. ल्युमेन. रंग : २७०० ते ३००० केल्विन पिवळसर, झोपायला आणि अंगणाला, ४००० मध्यम, स्वयंपाक आणि अभ्यासाला, ६५०० निळसर पांढरा, सगळ्या घराला हाच लावायची गरज नाही. रंग खरे दिसण्याचा आकडा, म्हणजे सीआरआय, ८० किंवा वर. तो कमी असला की डाळीतला खडा आणि दाणा सारखेच दिसतात. आणि व्होल्टेजची मर्यादा. गावात पंप चालू असताना व्होल्टेज पडतं, पंप बंद झाले की उसळतं. १०० ते ३०० व्होल्ट लिहिलेला बल्ब टिकतो. बीआयएसचं, म्हणजे सरकारी मानक संस्थेचं, चिन्ह नसलेला बल्ब घेऊ नका. बाहेरच्या लाइटला आयपी ६५ पाहा, म्हणजे धूळ आणि पाणी आत जात नाही.

एलईडीला उष्णता मारते. टिनाच्या छताला चिकटवलेला किंवा बंद गोल काचेत कोंडलेला बल्ब आमच्या उन्हाळ्यात लवकर जातो. छतापासून निदान फूटभर खाली टांगा. कापसाच्या खोलीसारखी बंद काच लागणारच असेल तर आत कमी वॅटचा बल्ब ठेवा.

तपासणी : दुकानातच बल्ब लावून त्याच्यासमोर पेन्सिल झरझर हलवा. पेन्सिलीच्या तुटक-तुटक आकृत्या दिसल्या तर तो बल्ब लुकलुकतो आहे, दुसरा घ्या. घेतल्याची तारीख बल्बाच्या बुडावर मार्करनं लिहा. वॉरंटीच्या वेळी बिल सापडत नाही, तेव्हा निदान कधी घेतला ते तरी कळतं.

टप्पा ९ : बसवणं आणि रात्रीची शेवटची फेरी

मेन बंद करा, शिडी दुसऱ्यानं धरा, मगच चढा. सगळे लाइट लागल्यावर अंधार पडू द्या आणि पहिल्या टप्प्यातली वही काढून प्रत्येक नोंद जागेवर जाऊन तपासा : ओट्यावर चिरून, चटईवर लिहून, खाटेवरून उठून संडासपर्यंत चालून. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का पाहा, आणि पुढंही महिन्यातून एकदा दाबत जा. वहीत एखादी नोंद अंधारातच राहिली असेल तर वायरमनचे शेवटचे पैसे द्यायच्या आधी ती दुरुस्त करून घ्या.